पहिला प्रश्न कोणाचा?

नवरात्रात आमच्या हर्सूलला हरसिद्धी देवीची यात्रा भरते. पहाटेपासून शहरातली माणसे पायी येऊ लागतात. नारळ, हार, रेवड्या आणि पाळणे यांनी रस्ता भरून जातो. दर्शन झाले म्हणजे मी गर्दीतून बाहेर पडतो आणि सावकाश चालत तलावाकडे जातो. पाऊस बरा झालेला असला तर त्या दिवसांत तलाव भरलेला असतो. उत्तरेच्या डोंगरांतून खाम नदी येते, येथे अडते आणि पुढे शहराकडे जाते. गेल्या नवरात्रात मी असाच पाण्याकडे पाहत बसलो होतो, तेव्हा एक तरुण माझ्याशेजारी येऊन बसला. शिकलेला, नम्र आणि नुकताच नोकरीला लागलेला. पाणी आणि शेती यांविषयी खेड्यांना तांत्रिक मदत देण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली होती आणि पुढच्याच आठवड्यात तो पहिल्या गावात जाणार होता. मी आयुष्यभर असलेच काम केले, हे त्याला कोणी तरी सांगितले असावे.

"काका," तो म्हणाला, "गावाला कामात सामील करून घ्यायचं, तर सुरुवात कुठून करावी?"

मी काही तरी थातूरमातूर बोललो. सरपंचाला भेट, ग्रामसभा घे, फळ्यावर माहिती लिही, असे. तो आभार मानून निघून गेला आणि मला मात्र चुटपुट लागून राहिली. छत्तीस वर्षे ज्या प्रश्नाभोवती मी फिरलो, त्याचे मी दिलेले उत्तर एखाद्या परिपत्रकात शोभले असते. म्हणून हा लेख. तो तरुण तो वाचील की नाही, कोण जाणे. पण दिवाळी अंक हातोहात फिरतात. एखादे वेळी त्याच्यापर्यंत पोहोचेलही.

आरंभ मी जेथे बसलो होतो तेथूनच करतो.

हर्सूल आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पण माझ्या लहानपणी ते खरेखुरे गाव होते आणि त्या गावाचे एक वैशिष्ट्य होते: पाणी आमच्या उशाशी आणि तहान शहराची. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे शहर वसवले आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यापासून भूमिगत नहर बांधून काढली. तिलाच नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे औरंगजेबाच्या काळात आणि त्यानंतरही आणखी नहरी झाल्या. हर्सूलच्या नावाची नहर त्यांतलीच. पाणचक्की ज्या पाण्यावर फिरते ते पाणीही याच बाजूने येते. जमिनीखाली झिरपलेले पाणी एकत्र करायचे, उताराच्या अगदी अलगद धोरणाने ते पुढे न्यायचे आणि मध्येमध्ये मनोरे उभारून त्यांतून कोंडलेली हवा मोकळी करायची, अशी ही रचना. पंप नाही, इंधन नाही. एवढे शास्त्र ज्या काळी येथे होते, त्या काळाला मागासलेला म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

परंतु लहानपणापासून एक गोष्ट माझ्या मनात सलत आली. ज्यांच्या शिवाराखालून हे पाणी गेले, त्या खेड्यांना कोणी काही विचारले असेल काय? याच मलिक अंबराची जमीनधाऱ्याची पद्धत आपण नावाजतो, कारण जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरवण्याकडे तिचा कल होता. सारा वसूल करायचा तर गावाला विचारणे भाग होते. नहर खोदण्यासाठी मात्र तशी गरज नव्हती. ती राजसत्तेची होती, शहरासाठी होती, आणि तिची निगा राखणारेही सत्तेचेच नोकर होते. जोवर ती सत्ता होती, तोवर नहर वाहिली. सत्ता बदलत गेल्या तशी निगा कमी झाली, आणि अलीकडच्या काळात तर तिच्या अंगावर इमारती उभ्या राहिल्या. नहर फुटली म्हणून हर्सूलच्या माणसाचा जीव तुटला नाही. कारण ती त्याच्या शिवाराखाली असूनही त्याची कधी नव्हतीच.

उत्तम शास्त्र आणि परके शास्त्र यांचे असे एकत्र नांदणे मी पुढे आयुष्यभर पाहिले.

*

स्वतंत्र भारतात खेड्याकडे शास्त्र नेण्याचा मोठा संकल्प झाला तो सामूहिक विकास योजनेच्या रूपाने. तिचा उगम सांगण्यासारखा आहे. आल्बर्ट मायर नावाचा न्यूयॉर्कचा एक वास्तुशिल्पी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर हिंदुस्थानात आला होता. पंडित नेहरूंशी त्याची ओळख झाली, आणि त्या ओळखीतून १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात, महेवा गावाच्या परिसरात, एक प्रयोग सुरू झाला. मायरने घरे बांधण्यापासून आरंभ केला नाही. खेड्यांतून हिंडून त्याने एवढेच ठरवले की, लोकांना जे दुःख आज टोचते आहे त्यालाच प्रथम हात घालायचा. होरेस होम्स नावाचा शेतीतज्ज्ञ त्याच्याबरोबर होता. सुधारलेला 'पंजाब ५९१' गहू त्यांनी सरकारी शेतावर पिकवून दाखवला नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात, त्याच्याच बैलांनी पेरून दाखवला. शेजारच्या शेतकऱ्याने बांधावरून पाहिले आणि पुढच्या वर्षी तो बियाणे मागायला आला. मला वाटते, त्या प्रयोगाचे सारे रहस्य या 'मागायला आला' या दोन शब्दांत आहे.

इकडे राजकारणही हलत होते. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात चौथा मुद्दा म्हणून अविकसित देशांना तांत्रिक साहाय्य देण्याची घोषणा केली. ५ जानेवारी १९५२ रोजी भारताशी तसा करार झाला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. एकेका प्रकल्पात सुमारे ३०० खेडी आणि दोन लाख वस्ती. त्याचे तीन विकास गट आणि साधारण पाच खेड्यांमागे एक ग्रामसेवक. पुढच्या वर्षी त्याच तारखेला राष्ट्रीय विस्तार सेवा आली आणि जाळे देशभर पसरू लागले.

हिशेब पाहिला म्हणजे लक्षात येते की, इटाव्यात जे काम काही डझन खेड्यांत, माणसे पारखून, सबुरीने झाले होते, ते चार वर्षांत हजारो खेड्यांत करायचे ठरले. बियाणे तेच होते. पण पेरणीची घाई झाली.

आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाची राजवट संपून अवघी चार वर्षे झाली होती. सरकारी माणूस दारात आला म्हणजे काही तरी न्यायलाच आला असणार, अशी खेड्याची पिढ्यान्पिढ्यांची समजूत होती. त्या काळची आमच्या वडिलांनी सांगितलेली एक हकीकत मला फार मोलाची वाटते.

माझ्या जन्माच्या एकदोन वर्षे आधी आमच्या भागात एक ग्रामसेवक येऊ लागला. सायकलवर येई. पंचविशीच्या आतला पोरगा, खाकी अर्धी विजार, कॅरिअरला बांधलेले दप्तर. वरून हुकूम होता खताच्या खड्ड्यांचा. इतके लांब, इतके रुंद, इतके खोल. महिन्याकाठी अमुक इतके खड्डे. लोकांनी खड्डे खणले. साहेब तपासणीला येऊन गेले की त्यांत कोंबड्या बसत. "पोरगा बिचारा चांगला होता," वडील म्हणत, "त्याची नोकरी जाऊ नये म्हणून आम्ही खड्डा खणला." गाव योजनेला मदत करीत होते, योजना गावाला नव्हे!

पण तो पोरगा खरोखरच चांगला होता. एके दिवशी आमच्या विहिरीच्या थारोळ्यावर बसून त्याने वडिलांना विचारले, "पाटील, खड्ड्याचं राहू द्या. तुम्हाला काय नडतं ते सांगा." वडील मोट हाकीत होते. त्यांनी हातातला कासरा न सोडता विहिरीकडे बोट दाखवले. चैत्रात विहीर तळाला जाई, आणि खाली खडक होता. त्या ग्रामसेवकाने तालुक्याला खेटे घालून तगाई मिळवून दिली, सुरुंग लावणारा माणूस आणला आणि विहीर सहा हात खोल गेली. त्या वर्षी आमच्या मळ्यात उन्हाळी भाजी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने आणलेले बियाणे वडिलांनी न विचारता पेरले, आणि खताचा खड्डाही नेमाने भरू लागला. कोंबड्यांना दुसरी जागा पाहावी लागली.

या साध्या हकीकतीत जे आहे, तेच दिल्लीतील समितीला निराळ्या भाषेत म्हणावे लागले. बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९५७ मध्ये समिती नेमली गेली आणि नोव्हेंबरात तिने अहवाल दिला. लोकांच्या स्वयंप्रेरणेला जाग आणण्यात ही योजना सर्वांत कमी यशस्वी झाली, असा त्याचा मथितार्थ. उपाय सुचवला तो सत्ता खाली देण्याचा. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढचा विचार केला, १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. ग्रामसेवकाची सायकल आता गावाने निवडलेल्या माणसांच्या अंगणात लागू लागली. पाऊल योग्य दिशेचे होते, यात शंका नाही. तथापि निवडणुकीने गावाला कारभारी मिळतो. 'तुम्हाला काय नडतं' हे विचारणारा माणूस मिळेलच, अशी हमी निवडणूक देत नाही.

*

आता माझ्यावर येतो, आणि येथे माझे मन थोडे कचरते.

१९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. शाळा सुटली आणि रस्त्याच्या कामावर मी खडी फोडली. मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी यांवर वाढलेल्या पिढीतला मी एक. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रभर पाझर तलावांची व बांधबंदिस्तीची कामे निघाली. मी पुढे शिकलो, आणि १९७८ साली एका खात्यात अशाच कामावर लागलो. दुष्काळाने ज्याला खडी फोडायला लावले, तोच आता दुष्काळ हटवणार, असा माझा ताठा होता.

बांधबंदिस्तीचा इतिहास आमच्या भागात येण्यापूर्वीच मोठा होता. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला होता आणि सोलापूर, विजापूरकडे कोरडवाहू शेतीचे प्रयोग त्याही आधीपासून चालू होते. उताराला आडवे, समपातळीत बांध घालायचे म्हणजे पावसाचे पाणी पळत नाही, माती वाहत नाही. तत्त्व निर्दोष आहे. अडचण दोन ठिकाणी येते. समपातळीची रेषा कोणाच्या मालकीची मर्यादा ओळखत नाही. ती एकाच्या वावराचे दोन तुकडे करीत, दुसऱ्याचा कोपरा तोडीत जाते. आणि खोल काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला ते दिवसच्या दिवस तुंबते आणि उभे पीक पिवळे पडते. आज हे कोणत्याही शेतीशाळेत शिकवतात. आमच्या पुस्तकातही होते. परंतु आमच्या उद्दिष्टात नव्हते. उद्दिष्टात हेक्टर होते.

एका गावात (नाव सांगत नाही, त्या माणसांची नातवंडे आज तेथे नांदत आहेत) मी दुर्बीण लावून रेषा आखली, चुना टाकला, आणि बांध पडले. मजुरी गावातल्याच माणसांना मिळाली, त्यामुळे आरंभी कोणी कुरकुर केली नाही. मी वर कळवले: लोकांचा उत्स्फूर्त सहभाग. श्रावणात सलग पाऊस लागला. एके सकाळी बातमी आली की, एका म्हातारीने आपल्या वावरातला बांध रात्री फोडला. मी तावातावाने गेलो. सरकारी कामाची नासधूस म्हणून नोटीस द्यायची, असे मनात होते.

म्हातारी बांधावरच बसली होती. नवरा नव्हता, मुलगा दुसऱ्याकडे सालाने होता. कापसाच्या सरींत पाणी साचून झाडे मान टाकू लागली होती, आणि फोडलेल्या तोंडातून ते पाणी खालच्या ओघळीत चालले होते. तिने माझ्याकडे वर पाहिले.

"सायेब, हे पानी कुठून येतं अन् कुठं जातं, हे मला माझ्या सासऱ्यानं दाखवलंय. तुमी त्या नळीतून बघितलं. मला इचारलं असतं तर मी हात धरून नेलं असतं."

मी म्हणालो, "आजी, तुम्ही त्या वेळी का नाही बोललात?"

"बोलायला कुनी इचारलं व्हतं का? तुमी पाटलाच्या वसरीत बसलात, चहा प्यालात, अन् गेलात."

नोटीस मी दिली नाही. एवढ्या एका गोष्टीचे श्रेय मी घेतो. पण बांध दुरुस्त करून, सांडवा कोठे ठेवायचा हे तिला विचारून काम पुन्हा करावे, असेही मी केले नाही. ते उद्दिष्टात बसत नव्हते. त्या साली तिचा कापूस अर्धा गेला. मुलाला सालाचे आणखी एक वर्ष काढावे लागले. माझ्या अहवालात मात्र ते गाव 'पूर्ण' या रकान्यात राहिले.

पुढे मी कितीही गावांत गेलो तरी ते वाक्य माझ्याबरोबर आले. पाटलाच्या ओसरीत बसलात, चहा प्यालात, अन् गेलात. गावात शिरण्याची आमची सगळी पद्धत तिने एका वाक्यात सांगून टाकली होती.

*

सुदैवाने आपल्याच भागात निराळी रीत पाहण्याचा योग मला आला. १९८० नंतरच्या दशकात पाणलोट क्षेत्राचा विचार पुढे आला. एकेक शेत सुटे न पाहता, जेथपासून पाणी एका ओढ्याला मिळते ते सारे क्षेत्र एक मानायचे आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे. आमच्याच जिल्ह्यातील आडगाव येथे विजयअण्णा बोराडे आणि जालन्याची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था यांनी त्या काळात जे काम केले, ते पाहायला माणसे दुरून येत. मीही गेलो होतो. तेथे मला बांधांपेक्षा बैठका अधिक दिसल्या, आणि आधी मला तो वेळेचा अपव्यय वाटला! काम कमी, बोलणे फार, असे मी परतताना सोबत्याला म्हटल्याचे आठवते. बोलणे हेच पहिले काम आहे, हे समजायला मला आणखी काही वर्षे लागली.

त्यानंतर नगर जिल्ह्याकडून एक चळवळ आली. फादर हर्मन बाखर या स्वित्झर्लंडच्या धर्मगुरूंनी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हीच आपली कर्मभूमी मानली होती. त्यांच्या प्रयत्नांतून जर्मन साहाय्याने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, नाबार्ड त्यात होती, आणि १९९३ साली त्यांनी व क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापली. या कार्यक्रमाचा आरंभ कसा होई, ते मुद्दाम सांगतो, कारण माझ्या तरुण मित्राचा प्रश्न नेमका तोच होता.

पैसा आधी येत नसे. आधी गावाने आपण होऊन कामाची इच्छा दाखवायची. मग गावातील काही जण आधी झालेले काम पाहायला जात: राळेगणसिद्धी किंवा तशीच दुसरी गावे. परत येऊन ते आपल्या भाषेत गावाला सांगत. शेतकऱ्याचा विश्वास साहेबाच्या तक्त्यावर बसत नाही, शेजारगावच्या विहिरीवर बसतो. त्यानंतर घरटी माणसाने चार दिवस श्रमदान करायचे. ही कसोटी होती. शिवाय गावाने काही बंधने स्वतःवर घालून घ्यायची: माथ्यावर मोकाट चराई नाही, कुऱ्हाड नाही. ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची. मग लहानशा तुकड्यावर काम करून पाहायचे. त्यात संस्थाही शिकायची आणि गावही. हे सारे निभावले तर पुढे मोठे काम. आणि त्या कामातही मजुरीचा काही भाग गावाने श्रमातून सोसायचा. भूमिहीनांना त्यातून सूट.

सर्वांत मला भावली ती शिवारफेरी. नकाशा घेऊन तंत्रज्ञ प्रत्येक वावरात जाई, आणि त्या वावराचा मालक, शक्य तर नवराबायको दोघेही, बरोबर चालत. येथे पाणी तुंबते, येथून माती जाते, येथे माझ्या बापाने ताल घातली होती. तंत्रज्ञ आपले म्हणणे मांडी, शेतकरी आपले, आणि जे दोघांना पटे ते कागदावर येऊन त्यावर सही अथवा अंगठा होई. पहिल्यांदा मी अशी फेरी पाहिली तेव्हा मला ती बांधावरची म्हातारी आठवली. 'हात धरून नेलं असतं' असे ती म्हणाली होती. ही माणसे हात धरून नेली जात होती.

जालना जिल्ह्यातील कडवंची गावाचे नाव आज शेततळी आणि द्राक्षबागा यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या गावातही १९९० नंतरच्या दशकात याच कार्यक्रमाखाली खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने काम केले. बागा पाहून लोक चकित होतात. मला अधिक नवल वाटते ते प्रकल्प संपल्यानंतरच्या काळाचे. प्रकल्पाचा फलक गंजला तरी शेतकरी प्रश्न घेऊन केंद्राकडे येत राहिले. प्रश्न विचारण्याची सवय लागली होती. ती प्रकल्पाबरोबर गेली नाही.

तरीही या रीतीवर सोन्याचे पाणी चढवण्याची माझी इच्छा नाही. 'गावाने ठरवले' असे आपण सहज लिहून जातो. गाव म्हणजे कोण? चराईबंदी गावाने ठरवली, पण ज्याच्यापाशी चार शेळ्यांपलीकडे काही नव्हते, त्याचे गायरान त्या ठरावाने गेले. विहिरींना पाणी चढले ते ज्याच्यापाशी विहीर होती त्याच्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस सभेला आला, तो दाराशी उभा राहिला, आणि बसा म्हणायचे कोणाला सुचले नाही. बाया आल्या, पण पाणी द्यायला. पुढे घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना जागा राखल्या, काही गावांनी शेळ्यावाल्यांसाठी चाऱ्याची निराळी सोय केली, आणि हळूहळू दारातली माणसे आत येऊ लागली. हळूहळूच. जेथे ती आली नाहीत तेथे काही वर्षांनी माथ्यावरची झाडे पुन्हा तुटली. तोडणाऱ्याला दोष देण्यापूर्वी, ठराव झाला तेव्हा त्याला कोणी विचारले होते काय, हे पाहावे, असे मला आता वाटते.

मी निवृत्त झालो त्यानंतर २०१६ साली पानी फाउंडेशनची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके आणि ११६ गावे. पंचेचाळीस दिवस माणसे उन्हात राबली. त्या गर्दीची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. माझे लक्ष गेले ते निराळ्याच गोष्टीकडे. संस्थेने कामाला पैसा दिला नाही, ज्ञान दिले. आधी गावातून माणसे प्रशिक्षणाला जायची, चर कोठे आणि कसा खणायचा ते शिकायची, आणि परत येऊन गावाला शिकवायची. दुर्बीण गावाच्या हातात आली होती. तिच्यातून चुकीचे दिसले तर भांडायला साहेब नव्हता. शेजारी होता, आणि त्याच्याशी उद्या पुन्हा बोलायचे होते.

*

तेव्हा, बाबा रे, तलावावर तू मला विचारलेस त्याचे उत्तर आता देतो.

पहिल्या दिवशी गावात जाताना फलक नेऊ नकोस. ज्याच्या घरी चहा घेशील त्याच्यावरून गाव तुला ओळखील, म्हणून पहिल्या आठवड्यात वाडा सोडून चार निरनिराळ्या घरी चहा घे, आणि त्यांतले एक घर गावकुसाबाहेरचे असू दे. काय नडते ते विचार, आणि उत्तर ऐकल्यावर लगेच आपले सांगायला लागू नकोस. तू जे काम घेऊन आला आहेस त्यात त्यांची नड बसत नसेल तर तसे स्वच्छ सांग. माणसे नकार सोसतात, फसवणूक सोसत नाहीत. बसत असेल तर त्यातले लहानात लहान काम निवड, त्यांच्याच शिवारात, त्यांच्याच हातांनी. चुकले तर चुकले म्हण. आणि तुझ्या वहीत 'सहभाग' असा रकाना असेल तर त्यात किती माणसे आली हे लिहिण्याआधी, त्यांनी तुला किती प्रश्न विचारले ते लिही. ज्या दिवशी गाव तुला पहिला प्रश्न विचारील, 'हे येथेच का?' किंवा 'यात माझे काय?' किंवा 'तू गेल्यावर हे कोण सांभाळणार?', त्या दिवशी तुझे काम सुरू झाले असे समज. त्याआधीचे सारे दिवस म्हणजे नुसते येणेजाणे.

हे सगळे आमच्या वडिलांच्या त्या सायकलवाल्या पोराला, कोणी न शिकवता, एका विहिरीच्या थारोळ्यावर सुचले होते. मला ते शिकायला एका म्हातारीचा कापूस घालवावा लागला. तुला इतकी किंमत पडू नये, एवढीच इच्छा.

परवा पुन्हा तलावावर गेलो होतो. यात्रा उठली आहे. पाळण्यांच्या खुणा तेवढ्या जमिनीत राहिल्या आहेत. पाणी काठोकाठ होते आणि संथपणे शहराकडे पाहत होते. काठावर आमच्या आळीतली दोन शाळकरी पोरे बसली होती. त्यांतल्या एकाने मला विचारले, "आजोबा, हे पाणी कुठून येतं?"

मी काठी टेकून उठलो आणि म्हणालो, "चल, दाखवतो."